रस्त्याला ठाऊक असलेली सकीना

"तू सकीना शे ना वं, माय?"

पारोळ्याच्या पुढे, महामार्गाला लागून असलेल्या चहाच्या टपरीवर सकीना तोंडावर पाण्याचा हबका मारत होती. ओला हात तसाच गालावर राहिला. या टपरीवर ती जन्मात पहिल्यांदा येत होती. आणि चुलीमागे बसलेली, डोक्यावर पदर घेतलेली ही सत्तरीची बाई तर तिने कधी पाहिलीच नव्हती.

"हो... पण तुम्ही?"

"मी झुंबरबाई. बैस आठे." म्हातारीने पदरानेच बाकडं पुसलं. "तुले चहामा अद्रक चालत नही. बरोबर?"

"बरोबर. पण तुम्हाला सांगितलं कुणी?"

झुंबरबाईने नुसती हनुवटी उचलून रस्त्याकडे दाखवलं. तिथे जब्बार वाकून ट्रेलरच्या चाकांची हवा बघत होता. "तुना घरवालानी! बठ्ठं माहीत शे माले," असं म्हणून ती तोंडाला पदर लावून हसली.

सकीनाने कप हातात घेतला. चहात आलं नव्हतं. चहा अगदी तिच्या हातचा असावा तसा होता.

जब्बार तीस वर्षं जळगावहून मुंबईला केळीचे ट्रक नेत होता. महिन्यातून सहा-सात दिवस घरी. त्यातले अर्धे झोपेत. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण या माणसाची लांबलचक वाक्यं सकीनाला बोटांवर मोजता आली असती. ती पिंप्राळ्याजवळच्या उर्दू शाळेत मराठी शिकवायची. दिवसभर मुलांचा कलकलाट, आणि घरी आलं की नवऱ्याचं "हं", "बरं" आणि "झोपतो जरा".

दोघंही निवृत्त झाली, तेव्हा जब्बारने एका वेल्डरला हाताशी धरून हा ट्रेलर बांधला. जुन्या जीपला मागे जोडायचा, दोन चाकांचा, पत्र्याचा. आत दोन फळ्यांचे पलंग, गॅसची शेगडी, पाण्याचं पिंप आणि खिडकीला सकीनाच्या जुन्या ओढणीचा पडदा. मोहल्ल्यात त्याला जब्बारभाईंचा डबा म्हणत. दिवाळीनंतर दोघं दोनदा जाऊन आली — एकदा ऊनपदेवच्या गरम झऱ्याजवळ, एकदा तापीकाठी. सकाळी उठून दार उघडलं की समोर रोज वेगळं झाड... सकीनाला ते आवडलं होतं. इतकं आवडेल असं तिला वाटलं नव्हतं.

आज तिसरी खेप. धुळ्यावरून चाळीसगावकडे, पाटणच्या जंगलाजवळ. आणि बहुधा शेवटचीही. मुलाला, रेहानला, पुण्यात बाळ झालं होतं. "अम्मी, तू आता इकडेच राहायला ये," तो रोज म्हणत होता. "अब्बांना इथे करमणार नाही, ते येऊन-जाऊन राहतील." शुक्रवारपर्यंत त्याला हो-नाही सांगायचं होतं. सकीनाने जब्बारला विचारलं, तर तो म्हणाला, "बरं. जा." आणि ट्रेलरचा नट आवळायला निघून गेला.

जीप सुरू झाल्यावर सकीनाने काच खाली केली. मग म्हणाली, "झुंबरबाईला काय काय सांगितलंय?"

"चहा सांगितला."

"बिनआल्याचा?"

"आलं नको असेल तर आधी सांगावं लागतं."

"पण तुम्हाला तर आलं लागतं! घरी मी तुमचा चहा वेगळा उकळते."

जब्बारने आरशात पाहिलं. मागे रस्ता रिकामा होता, तरी तो बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या पांढऱ्या दाढीखाली कानापर्यंत काहीतरी लाल झालं.

"अहो, मी काय विचारतेय..."

"वळण आहे," जब्बार म्हणाला. रस्ता तर सरळसोट होता.

धुळ्यात ट्रेलरच्या मागच्या दिव्याचा बल्ब घ्यायला ते पुखराज शेठच्या दुकानी थांबले. शेठ गल्ल्यावरून उठलेच. "अरे, मास्तरीणबाई! या, या! चंदन, खाली ये, बघ कोण आलंय!"

चंदनबाई जिना उतरून आल्या आणि सकीनाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ह्या होय त्या! तुमच्या डी.एड.च्या निकालाचे पेढे खाल्लेत हो आम्ही. अठ्ठावीस वर्षं झाली असतील."

"पेढे?"

"म्हणजे काय! तुमच्या साहेबांनी ट्रक भर रस्त्यात उभा केला आणि अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. हवालदार ओरडत आला, तर त्याच्याही तोंडात पेढा कोंबला. 'माझी बायको पहिल्या नंबराने आली' म्हणून."

सकीनाला तो दिवस लख्ख आठवत होता. निकालाचा कागद तिने उंबऱ्यातच त्याच्या हातात दिला होता. त्याने वाचला, घडी घालून परत दिला. "बरं झालं," म्हणाला, आणि झोपला. त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली होती.

आता ती हसली, चंदनबाईंच्या आग्रहाखातर शेव खाल्ली, सरबत प्यायली. पण जीपमध्ये बसल्यावर तिने खिडकीकडे तोंड केलं ते केलंच.

लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्याशी ओळखीच्या शेतात त्यांनी दुपारी मुक्काम केला. बांधावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. जब्बारने त्या पेटवून चार मोठी हिरवी वांगी भाजायला टाकली. वांग्यांची सालं फुटायला लागली, धुराचा तो खरपूस वास सुटला. एरवी सकीना अशा वेळी कांद्याची पात चिरायला घेई. आज ती पलंगाच्या फळीवर नुसती बसून होती.

"रागावलीस?" दारातून त्याने विचारलं.

"रेहानला हो सांगणार आहे मी."

"बरं."

"बरं!" सकीना ताडकन उठली. "पस्तीस वर्षं हे एकच ऐकतेय. तिकडे चहावालीला माझा चहा माहीत, शेठला माझा निकाल माहीत. सगळ्या रस्त्याला मी ठाऊक, आणि मला मात्र एका शब्दाने कळू दिलं नाहीत! का हो? माझं काय चुकलं होतं?"

जब्बार पायरीवर बसला. हाताला राख लागली होती, ती तो सावकाश पुसत राहिला.

"दोन खोल्यांचं घर होतं," तो म्हणाला. "अम्मा, तीन भाऊ, भावजया. मोठ्याने बोललं तर सगळ्यांना ऐकू जायचं, हळू बोललं तर सगळे कान टवकारायचे. मग सवयच गेली. नंतर घर झालं, पण तोवर... तू समोर आलीस की जीभ वळायचीच नाही. रस्त्यावर तू नसायचीस. म्हणून बोलत सुटायचो."

"म्हणजे मी नसले तरच बोलणार तुम्ही?"

तो उठून जाळाकडे गेला. वांगी करपायला लागली होती.

त्या दिवशी भरीत जरा कडूच झालं. दोघांनी ते तसंच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसगावच्या रस्त्याला लागल्यावर सकीनाने ओढणी सारखी केली. वर्गात नवा धडा सुरू करण्याआधी ती असंच करायची.

"ड्रायव्हरसाहेब, मला चाळीसगावपर्यंत सोडाल का?"

जब्बारने चमकून पाहिलं.

"समोर बघा, समोर! मी एक वाटसरू बाई. तुमच्या ओळखीची नाही. मला तर सकीना कोण तेही माहीत नाही. कोण हो ही सकीना?"

दोन्ही बाजूंनी कापसाची शेतं मागे सरकत होती. मग जब्बार खाकरला.

"आमच्या... आमच्या पिंप्राळ्यात असते."

"दिसायला कशी?"

"बरी आहे."

"नुसती बरी?" वाटसरू बाईचा आवाज जरा चढला.

"खडूचे हात दुपट्ट्याला पुसते. हसली की आधी डोळे हसतात, ओठ मागून." त्याचं बोलणं आता चाकांसारखं गतीला लागलं. "मी घाटातून पहाटे घरी पोचायचो, तर ती मुलांच्या वह्या तपासता तपासता बसल्याजागी झोपलेली असायची. मी तिला उठवत नसे. तिथेच बसून तिच्याकडे बघायचो. तिला वाटतं मी घरी येऊन झोपायचो."

सकीनाने खिडकीबाहेर पाहिलं. कापूस पांढरा, धूसर, एकमेकांत मिसळलेला दिसत होता.

"आणि चहा?" तिने हळूच विचारलं.

"तिच्यासारखा पिला की ती शेजारी बसलीय असं वाटायचं. पहिली दोन वर्षं अजिबात आवडला नाही."

ती खुदकन हसली. मग जरा थांबून म्हणाली, "तिला सांगितलंत का कधी हे?"

"नाही."

"का बरं?"

"भीती वाटते. आता ती पुण्याला जाणार आहे. मुलाचं घर आहे, नातू आहे. मी कोण अडवणारा? पण ती गेली तर डब्यात एकट्याने काय करू? ती गेली तर मला..." स्टिअरिंगवरची बोटं घट्ट झाली. "तू जाऊ नकोस."

सकीनाच्या आतली मास्तरीण जागी झाली. "ड्रायव्हरसाहेब, वाक्य चुकलं. 'ती'ने सुरू केलंत आणि 'तू'वर संपवलंत."

जब्बारने जीप कडेला घेतली. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि पहिल्यांदाच, सगळा वळून, तिच्याकडे पाहिलं.

"सकीना, तू जाऊ नकोस. मला तू हवीयेस. समोर."

पस्तीस वर्षं बोलणारी तीच, आणि आता तिचीच जीभ वळेना... तिने नुसता त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. रेहान होता.

"अम्मी, ठरलं का काही?"

"ठरलं. बाळाला बघायला येऊ आम्ही. दोघं. डबा लावायला जागा बघून ठेव. आठ दिवस राहू आणि पुढे निघू."

"पुढे? पुढे कुठे? अम्मी, ऐक ना, मी काय म्हणतो..."

"आत्ता नको रे, बेटा," सकीना म्हणाली, आणि तिचे डोळे आधी हसले. "ठेव फोन. तुझे अब्बा माझ्याशी बोलतायत."