दादाचा आवाज पुसला गेला ती दुपार

शपथ घेणार नाही. शपथा खोटं बोलणारे घेतात.

ही गोष्ट माझ्यासमोर घडली, आणि तीही भर दुपारी. भुतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल झोपावं.

माझ्या दादाच्या घरातली पुढची खोली. टेबलावर ऊन आलेलं. बाहेर कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं. आत आम्ही तिघं होतो… मी, माझी वहिनी आणि माझा नवरा.

नवऱ्याचं आधी सांगते, कारण हे सगळं त्याचंच कर्तृत्व.

ऑफिसात त्याला ‘पहिलटकर’ म्हणतात. काहीही नवं निघालं की पहिल्या दिवशी यालाच हवं. कॉम्प्युटरची नवी सिस्टीम आली रे आली, की हा टाकून मोकळा. मग आठवडाभर आमचा प्रिंटर मुका, आणि हा ग्रुपवर लिहिणार, ‘रेशमासारखी चालते!’ त्या ग्रुपवर सगळे याचेच भाऊबंद. एकाचा कॅमेरा बंद पडलाय, दुसऱ्याचे फोटो गायब झालेत, तरी एकमेकांचं अभिनंदन चाललेलं असतं. उंटावरचे शहाणे सगळे.

आता दादा.

दादा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. जीभ फटकळ. माझ्या नवऱ्यालाही त्यानेच शिकवलं. हा आरशात न बघताच गाडी मागे घ्यायचा, म्हणून दादा त्याला रोज सुनवायचा, “जावईबापू, आरसा भांग पाडायला दिलाय का? बघा आधी, मागे कोण आहे ते!”

पण शिकणारा खरंच घाबरला, हात थरथरायला लागले, की दादाचा आवाज एकदम मऊ व्हायचा.

“घाई नको. मी बसलोय शेजारी.”

मग त्याच्या घशाला कॅन्सर झाला. स्वरयंत्र काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी त्याच्या एका मित्राने त्याच्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली आणि त्यांतून त्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये बसवला. नंतर दादा टाइप करायचा आणि कॉम्प्युटर त्याच्या आवाजात बोलायचा.

हुबेहूब.

फक्त एक गोष्ट नव्हती. दादा बोलण्याआधी नेहमी खाकरायचा. कॉम्प्युटर खाकरत नसे.

दादा कॉम्प्युटरच्या समोर कधीच बसला नाही. समोरची खुर्ची शिकणाऱ्याची, म्हणायचा. तो शेजारच्या खुर्चीवर बसायचा, कीबोर्ड मांडीवर घ्यायचा. काही बोलायचं असलं की टेबलावर अंगठी दोनदा आपटायचा. टक… टक. मग घरातले सगळे गप्प व्हायचे आणि वाट बघायचे.

दादा गेला.

वहिनीने कॉम्प्युटर हलवला नाही, शेजारची खुर्चीही नाही. रोज संध्याकाळी ती समोर बसायची आणि एकच वाक्य टाइप करायची.

‘घाई नको. मी बसलोय शेजारी.’

हे वाक्य दादाने जन्मभर परक्या लोकांना ऐकवलं. बायकोला एकदाही नाही, कारण तिला त्याने गाडी शिकवलीच नाही. उद्या शिकवू, परवा शिकवू, करता करता राहून गेलं. जगाला शिकवणारे नवरे घरी असेच वागतात. मला दादाचा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीवरून येतो.

तर त्या दुपारी आमचे पहिलटकर तिथे जेवायला आले आणि त्यांना पडद्यावर ती जुनी सिस्टीम दिसली. नाकावर माशी बसावी तसा चेहरा झाला.

“वहिनी, अहो ही कंपनीने कधीच बंद केली! कुणीही घुसेल यात. नवी टाकून देतो.”

“भाऊजी, पण ह्यांचा आवाज…”

“आवाज कुठे जातोय? सगळं जसंच्या तसं राहतं.”

मी म्हटलं, “कशाला हात लावतोस? चाललंय ना तिचं!”

“तुला यातलं कळतं का काही?”

मला कळत नव्हतं. त्यालाही कळत नव्हतं, हे नंतर कळलं. मशीन प्रश्न विचारत होतं आणि हा न वाचताच दाबत होता… पुढे, पुढे, पुढे. आरशात न बघायची सवय.

पडद्यावर निळा रंग आला. ‘नमस्कार! तुम्हाला भेटून आनंद झाला.’ मग ‘थोडंच राहिलंय.’ ते थोडं काही केल्या संपेना. शेवटी नवी सिस्टीम उघडली. सगळी चित्रं भलत्या जागी, कोपऱ्यात हवामान. खिडकीबाहेर ऊन दिसत असताना ते मशीन आम्हाला सांगत होतं, ऊन आहे.

“बघा!” नवरा म्हणाला. “रेशीम!”

वहिनी पुढे झाली. आवाजाचा प्रोग्रॅम शोधायला लागली.

नव्हता.

“भाऊजी… कुठे गेला?”

नवऱ्याने शोधलं. पुन्हा शोधलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“फोटो आणि कागदपत्रं काढून ठेवली होती मी,” तो पुटपुटला. “ते… त्यात नसणार. पण वहिनी, या सिस्टीममध्ये आवाज आधीच दिलेला आहे! ऐका तर.”

आणि त्या महाभागाने स्वतः टाइप केलं, ‘घाई नको. मी बसलोय शेजारी.’

एका गोड, गुळगुळीत बाईने ते वाक्य वाचलं. बँकेच्या फोनवर थांबायला सांगणारी असते ना, तशी.

वहिनी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “बंद करा.”

नवऱ्याने घाबरून स्पीकरची वायरच उपटली. वायर त्याच्या हातात राहिली. बाहेर गाडी धुण्याचा आवाज थांबला होता.

आणि मग…

टक… टक.

टेबलावर.

मी नवऱ्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हातांत ती वायर. वहिनीचे हात पदरात. माझे माझ्या छातीशी.

“उंदीर असेल,” नवरा म्हणाला. शहाण्याला उंदीर लगेच सुचतो.

मी भिंतीवरचं बटण बंद केलं. कॉम्प्युटर विझला. पडदा काळा झाला.

आणि कुणीतरी खाकरलं.

दादाचं खाकरणं. जे मशीनमध्ये कधी नव्हतंच.

“जावईबापू…” आवाज शेजारच्या खुर्चीतून आला. “बघा आधी, मागे कोण आहे ते.”

नवऱ्याने मागे वळून नाही बघितलं. त्या काळ्या पडद्यात बघितलं. मीही बघितलं. आम्ही तिघं दिसत होतो. बाजूला ती खुर्ची दिसत होती, रिकामी…

पण खुर्चीची गादी मधोमध दबलेली होती. आमच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली. कुणी उठल्यावर येते तशी.

नवरा चपला न घालताच जिन्यावरून खाली पळाला. ग्रुपवर त्याने याबद्दल अक्षर लिहिलेलं नाही. हल्ली नव्या आवृत्तीची सूचना आली की ‘नंतर’ दाबतो.

त्याच्या मित्रांना मी विचारलं. एक म्हणाला, आवाजाचा तुकडा मशीनमध्ये कुठेतरी राहिला असेल. बंद मशीनमध्ये, विनास्पीकर? दुसरा म्हणाला, धक्क्याने भास होतात. तिघांना एकच भास? अक्कल पाजळायला काय जातं!

मला वाटलं होतं, वहिनी खचेल. तिचा रोजचा आवाज गेला होता. पण काही महिन्यांनी ती स्वतःच आमच्या दारात उभी राहिली. दादाची शिकवणीची जुनी गाडी घेऊन… स्वतः चालवत.

“चला वन्सं, चक्कर मारून आणते.”

मी शेजारी बसले. ती छान चालवत होती. अगदी रुळलेल्या हाताने. चौकात गर्दी लागली, मागून हॉर्न वाजायला लागले, तेव्हा मात्र तिचे हात थरथरले.

“कुणी शिकवलं गं तुला?” मी विचारलं.

“कुणी म्हणजे? ह्यांनीच.”

मी हसले. हसायला नको होतं.

टक… टक.

डॅशबोर्डवर, माझ्या अगदी समोर. वहिनी लगेच गप्प झाली आणि वाट बघायला लागली.

माझ्या कानाला लागून कुणीतरी खाकरलं.

“घाई नको. मी बसलोय शेजारी.”

वहिनीचे हात स्थिर झाले. इतकं समाधान मी तिच्या चेहऱ्यावर दादा असतानाही बघितलं नव्हतं. रडावं की ओरडावं, मला कळेना.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मी भीतीने दोन्ही पाय वर, सीटवर घेतले होते.

खाली तो ब्रेक आपोआप दाबला गेला. गाडी अलगद थांबली.

शेजारची सीट एकच होती. तिच्यावर मी बसले होते.