चहासारखं पाणी

“पाण्याकडे पाठ करून वाकलीयस. मगरीला जेवायला बोलावलंयस का?”

मी वळून पाहिलं. पेपरबार्कच्या झाडाखाली एक उंच तरुण उभा होता, हातात माझ्यासारखंच पोतं. सगळा जन्म ऑस्ट्रेलियातल्या मगरींच्या डार्विनमध्ये काढून मी ही चूक केली होती, त्यामुळे राग त्याचाच आला.

“मगर परवडली,” मी म्हणाले. “ती निदान टोमणे मारत नाही. पानं कशाला गोळा करतोयस?”

“तू कशाला करतेयस?”

दोघांनाही एकदमच उमगलं... ही वाळकी पानं पाण्यात टाकली की पाणी चहासारखं होतं, आणि तसल्या तांबूस पाण्यातच पाळलेला पाणसाप सुखाने राहतो.

“नाव काय तुझ्या सापाचं?” त्याने विचारलं.

“बिस्किट.”

“माझ्याचं मोजा. कातडी तीन मापं मोठी आहे ना, म्हणून. रविवारी ये बघायला. माझं नाव लेफ्टेरिस.”

“मार्नी,” मी म्हणाले. येते म्हणाले नाही. तरी आठवडाभर रविवारचीच वाट पाहत राहिले.

रविवारी त्याने दार उघडलं तेव्हा त्याचे केसही नीट विंचरलेले होते. सापाची टाकी खिडकीजवळ लखलखत होती. काच घासलेली, पाणी नितळ, एक पान नाही. तळाशी मोजा उघडावाघडा पडला होता, अंगावर पांढरे ठिपके.

“काय केलंस हे?”

“स्वच्छ केलं. चार दिवस झाले.” त्याचा आवाज बारीक झाला. “तू येणार होतीस ना... म्हटलं, तुला तो नीट दिसावा.”

“अरे, पानांचा अर्क नसलेल्या पाण्याने बुरशी येते त्याला. मरेल तो.”

मी ओली पिशवी मागितली आणि आम्ही दोघांनी मोजाला माझ्या घरी आणलं, कारण माझ्याकडे तयार पाणी होतं.

लेफ्टेरिसने माझ्या टाकीत वाकून पाहिलं. तांबूस पाणी, ताजी पानं...

“बिस्किट कुठेय?”

आता खोटं चालणार नव्हतं. “गेला. मागच्या वर्षी. माझी आई पहिल्यांदाच घर बघायला येणार होती, म्हणून मीही टाकी घासली होती.”

“आणि तरी पानं आणतेस?”

“पाणी ओतून टाकवत नाही.”

त्याने सांत्वन केलं नाही, बरं वाटलं मला. त्याने फक्त सोबत आणलेल्या पोत्यातली मूठभर पानं माझ्या टाकीत सोडली.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि कसलीच खात्री दिली नाही. मग लेफ्टेरिस रोज कामावरून थेट येऊ लागला. आम्ही टाकीपाशी फरशीवर बसायचो. तो त्याच्या आजीने केलेली पालक भरलेली पेस्ट्री आणायचा, मी त्याच्या अतिविंचरलेल्या केसांवर बोलायचे. मोजा खात नव्हता. एका संध्याकाळी मी रडले, तेव्हा लेफ्टेरिसने माझा हात धरला आणि मोजाकडेच बघत राहिला.

पाचव्या आठवड्यात मोजाने कात टाकली. खाली नवं अंग, एकही ठिपका नाही. त्याच संध्याकाळी त्याने मासा गिळला. मला हे सांगायला हवं होतं... सांगितलं असतं तर लेफ्टेरिस त्याला घेऊन गेला असता. मोजा पानांखाली दडलेला असायचा, म्हणून मी आठ दिवस गप्प राहू शकले.

नवव्या दिवशी तो पिशवी घेऊन आला. माझं तोंड उतरलं.

“बरा झालाय ना तो?” लेफ्टेरिस म्हणाला.

“कधी कळलं तुला?”

“गेल्या सोमवारी. कात कचऱ्याच्या डब्यात दिसली.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलली नाहीस.” त्याचे कान लाल झाले होते. “म्हटलं, विचारायलाच नको.”

मी पिशवी त्याच्या हातातून घेतली. आत सापाला न्यायला काहीच नव्हतं. नुसती पानं होती, वर्षभर पुरतील इतकी.

“त्याला आता हलवायला नको,” मी कशीबशी म्हणाले. “पाणी मानवलंय त्याला इथलं.”

“आणि मी?”

“तूही राहा... फक्त काही घासायचं नाही.”