डोकं पुढे, शेपूट मुठीत

त्या शुक्रवारी गेन्झो म्हाताऱ्याची दाढ दुखली नसती, तर धार लावायच्या दुकानात त्याची मुलगी मित्सुए एकटी बसली नसती. आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

आता माकुराझाकी गावात कुपा मासा धुरी देऊन असा कडक सुकवतात, की एका बाईने तो नवऱ्याच्या पाठीत हाणला तेव्हा नवरा महिनाभर वाकडा चालला, माशाला ओरखडासुद्धा नाही. खोटं वाटेल त्याने पाठ बघून यावी. तो मासा किसायला उलटा रंधा बसवलेली लाकडी पेटी लागते. तशीच एक पेटी काखोटीला मारून, हातात सुका मासा घेऊन सेइगो दारात उभा होता.

"पातं बोथट झालंय. नुसती भुकटी पडते."

मित्सुएने पात्यावर अंगठा फिरवला. "हे पातं? याने डास दाढी करून जाईल! मासा कसा धरता तुम्ही?"

"असा..."

"अहो, उलटा! डोकं पुढे, शेपूट मुठीत. रांगती पोरंसुद्धा जाणतात. कुठल्या गावचे?"

"इथलाच. वरच्या आळीतलं धुरीघर... आमचंच."

मित्सुएने वर पाहिलं. तीन पिढ्या मासे सुकवणाऱ्या घरातला मुलगा, आणि मासा उलटा धरतो? सेइगो छताकडे बघत होता. कान मात्र लालबुंद.

त्याचं मनगट धरून तिने मासा पेटीवर सरकवला – शुर्र... शुर्र... गुलाबी, पातळ कीस खाली पडू लागला.

पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा हजर. "भुकटीच पडते हो."

"इतका विसराळूपणा?"

"गुरू चांगला असला की विसरायला बरं वाटतं."

मग दर शुक्रवारी ठरूनच गेलं. वाफाळत्या भातावर मूठभर ताजा कीस, वर सोया सॉसचे दोन थेंब. वाफेने कीस वळवळू लागे.

"बघा, लाजतोय," सेइगो म्हणे.

"लाजत नाहीये, भाजतोय. गिळा मुकाट्याने."

गेन्झोसाठी वाटीत मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा, त्यावर कीस आणि वरून उकळता चहा. म्हातारा भुरका मारून म्हणे, "ही सासरी गेली की मला हे कोण देणार रे?" मग दोघेही आपापल्या वाटीत असं बघत बसत, जसं काही तळाशी विहीर आहे.

पण मनातलं मात्र कुणीच बोलत नसे.

शरद ऋतू लागला आणि बातमी आली. ओसाकाच्या घाऊक व्यापाऱ्याची मुलगी सेइगोच्या वडिलांनी सून म्हणून हेरली होती, महिन्याभरात होकार कळवायचा होता. मित्सुए रात्रंदिवस एकच घोकू लागली – एकदा तोंडाने म्हण रे बाबा. एकदाच.

मंगळवारी तो अवचित आला. कापडात गुंडाळलेलं काही त्याने तिच्यापुढे ठेवलं. "हे... ठेवा तुमच्याकडे. शुक्रवारी येईन. तेव्हा... बघू."

आत सुकवलेल्या माशाचा एकच तुकडा होता, पोटाकडचा. त्या गावात लग्नाच्या आहेरात तुकडे नेहमी जोडीने देतात. पाठीकडचा नवरा, पोटाकडचा नवरी, एकावर एक ठेवले की घट्ट बसतात. हा एकटाच होता. म्हणजे दुसरा कुणाकडे, हे का सांगायला हवं?

मित्सुए तुकडा छातीशी धरून हसली. मग तिला राग आला. मासा बोलला, पण माणूस कुठे बोलला? थांब, तुझं तोंडच उघडवते!

शुक्रवारी तिने त्याच्यासमोर तोच तुकडा पेटीवर घेतला. तो ओरडेल, "अहो, हे काय करताय!" ती म्हणेल, "का? काय बिघडलं?" मग त्याला सांगावंच लागेल. बारा वेळा तालीम झाली होती.

शुर्र...

सेइगोचा हात पिशवीत होता. ओठ उघडले... आणि मिटले.

शुर्र... शुर्र... थांबव ना. ती आणखी जोर लावत राहिली. जोडीदाराला चिकटायची ती खोलगट बाजू हळूहळू सपाट झाली.

सेइगोने भात शेवटच्या शितापर्यंत संपवला. "छान झालाय." पिशवीतून हात निघाला, रिकामाच. गेन्झोला त्याने कधी नव्हे इतकं खाली वाकून वंदन केलं आणि तो निघाला.

दार दहा पावलांवर होतं. मित्सुए एकही पाऊल उचलू शकली नाही. एक हाकही तिला मारता आली नाही.

"काय गं," गेन्झो म्हणाला, "आज भुकटीची तक्रार नाही केली त्याने?"

वसंतात सेइगो पुन्हा दारात. काखोटीला नवीकोरी पेटी.

"बायको म्हणते, भुकटी पडते."

मित्सुएने पातं पाहिलं. "मासा उलटा धरत असतील."

"हो. ओसाकाची आहे. तिला... खरंच येत नाही."

त्या 'खरंच'पाशी दोघेही थबकले.

"सांगून येत नाही ते," मित्सुए म्हणाली. "मनगट धरून शिकवावं लागतं."

त्याने पेटी उचलली. दारात वळला. "त्या दिवशी दुसरा तुकडा पिशवीतच होता."

"माहीत होतं."

"मग –? मला वाटलं, तुम्ही नाही म्हणताय."

"मी 'थांबा' ऐकायला थांबले होते."

त्याने पेटी दुसऱ्या काखोटीला मारली. मग गेला.

तिने मिठाच्या बरणीमागून त्याच तुकड्याचं बोटभर उरलेलं बुडखं काढलं आणि पेटीवर धरलं. शेपूट पुढे.

वडिलांची वाटी तिने भरून दिली. गेन्झोने आत काडी फिरवली.

"अगं, नुसती भुकटी?"

"पातं बोथट झालंय, बाबा."