ओलं पोतं

"हे पोतं कुणाचं?" मधुवंती खरंच चिडली होती. विद्यापीठाच्या आवारात तापमापकांची ती पांढरी, झडपांची पेटी; तिच्याखालीच कुणीतरी मोसंबीची रोपं ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेली, आणि भर एप्रिलात आतला पारा खाली उतरलेला.

"माझं हाय." नळावरून बाटली भरून एक उंच पोरगा आला. "मी महारुद्र, झरीचा. रोपं सुकायलीत म्हणून सावलीला ठेवली..."

"तुमच्या पोत्यानं परभणीचं तापमान बिघडवलं."

"बिघडवलं का सुधारलं, मॅडम?"

ती हसली, आणि कामातून गेली.

मग तो काही ना काही निमित्त काढून येऊ लागला. जगाच्या हवामानाची मॉडेलं आपल्या जिल्ह्याबद्दल काय सांगतात, ते शोधणं तिचं काम. एकदा तिनं त्याला संगणकावर पुढच्या वर्षांच्या तापमानाचा आलेख दाखवला. "सूर्याची उष्णता आली तेवढी परत जायला हवी. धुरातल्या वायूंमुळं ती अडते. धूर आवरला तर ही निळी रेघ, नाही आवरला तर ही लाल."

"यातली आपली कोणती?" विचारून त्यानंच निळीवर बोट ठेवलं. "ही आपली. हिच्या भरवशावर बाग लावतो. पहिला बहार आला की तुमच्या घरी बोलायला येतो."

आपली... त्या एका शब्दानं ती विरघळली. रेघ निवडणं त्याच्या हातात नव्हतं, तिच्याही नव्हतं. पण हे त्याला सांगायला तिची जीभ रेटली नाही.

बाग दोन उन्हाळे तगली. तिसऱ्यात विहीर आटली आणि झाडं उभी जळाली.

मे महिन्यात तो खांद्यावर बॅग घेऊनच आला. "पुण्याला चाललोय. कंपनीत."

"मी थांबेन."

"कशासाठी? बहार न्हाई येणार आता."

"मग बहाराशिवाय ये बोलायला."

"कोणत्या तोंडानं येऊ, मधू? तुला ठेवू कुठं?"

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, रुद्र." हे ती पहिल्यांदाच बोलत होती.

"माझंबी लय हाय," तो खाली बघत म्हणाला. "पण तेवढ्यानं झाडं जगली असती तर..."

त्यानं बॅगेतून तेच जुनं पोतं काढलं, नळाखाली भिजवलं आणि पेटीखाली अंथरलं. "आजच्या दिवस तरी पारा खाली येऊ दे."

नोंद बिघडणार होती. तरी तिनं पोतं काढलं नाही. त्याचा हात घट्ट धरून ती पाऱ्याकडं बघत राहिली. पोतं दोघांच्या डोळ्यांदेखत वाळलं. पारा काही हलला नाही.