बेसिनखालचा जोड

आमची ओळख झाली तेव्हा मला त्याचे फक्त पाय दिसले.

माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत, बेसिनखाली, एक माणूस खुशाल उताणा पडला होता. त्याच्या बुटांना अडखळून मी पडता पडता वाचले.

"कोण आहे?"

"प्लंबर. इथला जोड गळतोय... टपटप ऐकवत नाही मला."

"तुम्हाला बोलावलं कोणी?"

"कोणीच नाही. बहिणीला तपासायला आणलंय. भाऊजी जहाजावर असतात, म्हणून मी." तो बाहेर आला. कपाळाला काळं लागलेलं आणि हसू असं, की मी रागवायचं विसरले. तशी मी सहसा काही विसरत नाही!

बहिणीला टेबलावर घेतलं आणि पडद्याकडे पाहून माझं हसू मावळलं. एकसारखी जुळी, दोघांत मिळून एकच वार. एका बाळाभोवती पाण्याचा पूर, दुसऱ्याभोवती जेमतेम चमचाभर. वारेतल्या जोडांतून एकाचं रक्त दुसऱ्याकडे चाललं होतं. मी समजावून सांगितलं. बहीण रडायला लागली.

"म्हणजे एका लाइनवर दोन टाक्या," तो हळूच म्हणाला. "एक भरून वाहतेय, दुसरी कोरडी. मधले जोड बंद करायला हवेत."

दहा वर्षं मी हेच समजावत आलेय. इतकं सोपं मला कधी जमलं नव्हतं.

"तेच करणार आहोत," मी म्हणाले. "लेझरने. उद्याच."

लेझर झालं. मग दर आठवड्याला ती दोघं यायची. हळूहळू दोन्हीकडचं पाणी सारखं झालं.

"डॉक्टर, आता तरी चहा?"

"बाळं घरी जाईपर्यंत मी फक्त डॉक्टर. पेशंटच्या नातेवाइकांबरोबर चहा नाही."

"असा नियम आहे?"

"माझा आहे."

"मग थांबतो... टाकी भरेपर्यंत बसून राहायची सवय आहे मला."

"दादा, तू नक्की माझ्यासाठीच येतोस ना?" बहीण खुदकन हसली. मी पडद्यात डोकं खुपसलं, पण कान गरम झाले होते.

बत्तिसाव्या आठवड्यात तो पडद्याकडे बघत म्हणाला, "पाणी सारखं दिसलं, तरी कधी कधी केसाएवढी गळती राहते. लवकर पत्ता लागत नाही."

"म्हणून तर मी नुसतं पाणी बघून थांबत नाही."

दर वेळेसारखा मी दोन्ही बाळांच्या मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजला. एकाचं धावत होतं, दुसऱ्याचं रेंगाळत होतं. धावणारं रक्त पातळ, रेंगाळणारं दाट. केसाएवढा जोड खरंच उरला होता. आणि आता सगळं उलटं — आधी पुरात असलेलं बाळच रिकामं होत चाललं होतं.

"वाचतील?" त्याच्या हातात बहिणीचा चष्मा होता. त्याच्या काचा तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

मला तो आवडत होता, खूप. म्हणूनच खोटा धीर द्यायचा नव्हता.

"आजच बाहेर काढूया. एकाला रक्त देऊ, दुसऱ्याचं दाट रक्त पातळ करू. वेळेत सापडलंय. मला खात्री आहे."

"तुम्हाला आहे ना? मग मलाही आहे."

दोन्ही मुली झाल्या. एक पांढरीफटक, दुसरी लालबुंद. "मामा, ह्या जुळ्या वाटतात का हो?" नर्सने चिडवलं. पंधरा दिवसांत दोघी सारख्याच गुलाबी झाल्या, आणि कोणती कोण ते मामांना ओळखता येईना.

त्या घरी गेल्या, त्याच संध्याकाळी मी फोन केला.

"बेसिनखालचा जोड गळतोय."

"मी बसवलेला?" स्वारी भलतीच दुखावली. वीस मिनिटांत हजर! पुन्हा मला फक्त पाय दिसत होते.

"डॉक्टर... हा बिघडलेला नाही. यातला वॉशर कोणीतरी काढलाय."

मी खाली बसले आणि ॲप्रनच्या खिशातला काळा वॉशर त्याच्या तळहातावर ठेवला.

"मीच काढला. आजपासून मी तुझ्या बहिणीची डॉक्टर नाही."

"मग...?"

"मग काय! आवडतोस मला."

तो इतक्या घाईने उठला, की बेसिनवर डोकं आपटलं.

"लागलं?"

"बघा ना, डॉक्टर..."

"डॉक्टर नाही म्हटलं ना," मी म्हणाले, आणि त्याच्या कपाळावरचा हात बाजूला केला.

एवढासा वॉशर, पण तो बसवायला त्याला त्या दिवशी पाऊण तास लागला.