पुष्पाबाईची बोटं

धुळ्याच्या कॉलेजातली सुनंदाबाईंची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक जुना फ्रीज आणि मुंबईहून बर्फात येणारी एन्झाइमची कुपी. सांधेदुखीच्या रोग्यांच्या रक्तातले प्रतिपिंड त्या वेगळे काढत. प्रतिपिंडांवर साखरेच्या साखळ्या असतात. एन्झाइम साखळीच्या टोकाची साखर तोडून देतं, ती मोजायची. निरोगी माणसाची शंभर धरली, तर या रोग्यांची निम्मीसुद्धा भरत नसे.

दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली पुष्पाबाई जेमतेम पंचविशीची, पण बोटं वाळल्या चिंचेसारखी गाठाळ, वाकडी. तिचा आकडा चाळीस. १९९१च्या दिवाळीनंतर तो सत्तरवर गेला आणि सुनंदाबाई हसल्या.

"दिवस गेलेत ना?"

गरोदरपणात ही साखर वाढते, दुखणं निवतं. बाळंतपणानंतर बहुधा पुन्हा उलटतं. त्यांनी तिला सोपं करून सांगितलं, "पोटात बाळ आहे तोवर बोटं दुखायची नाहीत."

पुष्पाबाई लाजली. त्या हिवाळ्यात तिने कित्येक वर्षांनी स्वतःच्या हाताने भाकरी थापली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, सातव्या महिन्यात, बाळ पोटातच गेलं.

पंधरा दिवसांनी सासू भिकुबाई तिला घेऊन आली. "पोर्‍या व्हता, ताई," ती म्हणाली. "नाक मन्हा चिंधासारखं." चिंधा तिचा मुलगा, पुष्पाबाईचा नवरा. पुष्पाबाई बाकावर बसून कुंची शिवत होती. बारीक टाके. सरळ बोटं.

आकडा खाली यायला हवा होता. ब्याण्णव आला.

सुनंदाबाईंनी नवी कुपी उघडली, शेजारी आणखी दोन रोग्यांचं रक्त लावलं. त्यांचे आकडे जिथल्या तिथे. हिचं पुन्हा ब्याण्णव. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून चिठ्ठी दिली: गर्भाशय रिकामं.

मार्चअखेर एकशे चार.

"आते नववा लागना, आसं म्हनस ती," भिकुबाई हळूच म्हणाली. "तुम्हीच सांगा तिले."

सुनंदाबाईंनी सांगितलं. "पुष्पा, बाळ राहिलेलं नाही. तुझं पोट रिकामं आहे."

पुष्पाबाईने दोन्ही पंजे टेबलावर उघडून ठेवले. "मंग बोटं का दुखतस नही?"

सुनंदाबाईंनी आकड्याचा कागद पालथा घातला. एसटी स्टँडपर्यंत त्या दोघींसोबत चालत गेल्या. गाडी सुटल्यावर त्या तिथेच उभं राहून रडल्या.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, पुष्पाबाई एकटीच आली.

बोटं पुन्हा आवळून तळव्यात गेलेली. चेहरा थकलेला, पण निवांत. चोळीवर पुढे दुधाची ओल.

आकडा काय येणार, ते मोजण्याआधीच कळलं. तरी सुनंदाबाईंनी सुई घेतली.

तिने उजवा हात पुढे केला. डावा कोपरात वाकवून छातीशी धरला होता. तो तिने हलवला नाही.

डोक्यावर पंखा गरगरत होता. पुष्पाबाईने वर पाहिलं, डाव्या हातावर पदर ओढला आणि वाऱ्याकडे पाठ करून बसली.

सुनंदाबाई उठल्या. पंखा बंद केला. मग आवाज न होऊ देता दार लोटून घेतलं.