नावेच्या टोकावरची मशाल

तळ्याच्या अगदी मधोमध मोटर खोकली, एकदा थरथरली... आणि गप्प झाली.

ऐलीने दोरी ओढली. पुन्हा ओढली. तळहाताला फोड आला होता.

"ओढून नेऊ का?"

शेजारी एक होडी येऊन थांबली होती. तिच्यातला उंच तरुण ऐलीच्या मोटरकडे पाहत होता – निदान तसं दाखवत होता.

"नको. चालू होईल."

"कधी?"

"तुम्ही बघणं थांबवलंत की!"

तो हसला. एवढ्यात तिला त्याच्या होडीतलं खोकं दिसलं. कोरी मोटर. वर तिच्या काकांचं नाव.

"ही... आमच्या नावेला बसवायला?"

"हो. मी सीवर्ट, दुकानातून आलो. आइनोकाका म्हणाले, जुनी मेली आहे."

"मेलेली नाही," ऐली म्हणाली, "रुसलीय."

आज युहान्नुसचा सण, वर्षातली सगळ्यात लांब संध्याकाळ. बेटावरची शेकोटी पेटवायला किनाऱ्यावरून विस्तव नेण्याचा मान ऐलीच्या घराचा. बाबा नाव हाकायचे आणि मशाल धरून टोकावर ऐली बसायची. ती जागा घरच्याच माणसाची. बाबा हिवाळ्यात गेले. काकांनी बजावलं होतं – संध्याकाळपर्यंत बाबांची मोटर चालली तर ठीक, नाहीतर नवी बसणार.

शेवटी ऐलीने त्याचा दोर नावेला बांधला. पण धक्क्यावर पोचताच बाह्या सरसावल्या.

"तेल येतंय. प्लगही नवा आहे. तुम्ही एवढंच करा, प्लग लोखंडाला टेकवून धरा, ठिणगी पडते का बघू. मी दोरी ओढते."

"मी? माझी मोटर विकली जाऊ नये म्हणून?"

"भ्यालात का? नावावरून तर नॉर्वेवाले ना तुम्ही?"

त्याने टोपीची सावली करून प्लग धरला. तिने दोरी ओढली. ठिणगी नाही. दोघांची डोकी त्या सावलीत इतकी जवळ आली होती की... ऐलीने चटकन दुसरीकडे पाहिलं.

मग तिने वरचं जड चाक उतरवलं. खाली दोन इवलेसे पॉइंट. ते उघडमीट करतात तेव्हाच ठिणगी पडते.

"स्वच्छ दिसताहेत," सीवर्ट म्हणाला. "हिवाळ्यात ठेवता कुठे मोटर?"

"सौनात. वाफेच्या न्हाणीला लागून कपडे बदलायची खोली आहे ना, तिथे. बाबा म्हणायचे, बाहेर तिला थंडी वाजेल."

सीवर्टला हसू आवरेना. "मोटरला... सौना? दर शनिवारी वाफ?"

"फिनलंडवाले आहोत आम्ही! जिवाची वस्तू दुसरीकडे ठेवणार कुठे?" तीही हसू लागली. हसता हसता डोळे भरले – आणि ती एकदम थांबली. "वाफ! पॉइंटवर साय धरली असणार. डोळ्यांना दिसत नाही, पण वीज अडते. कोरा, जाड कागद हवा घासायला."

पावाची कागदी पिशवी होती, पण लोण्याने माखलेली. सीवर्टने क्षणभर आपल्या खोक्याकडे पाहिलं. मग सुरी काढली आणि कोऱ्या मोटरच्या खोक्याची पट्टी सर्रकन कापली.

"अहो! आता हे परत कसं नेणार?"

"मालक ओरडतील. सवय आहे."

स्पिरिटमध्ये भिजवून तिने पट्टी पॉइंटमधून ओढली. एकदा, दोनदा, कागद काळा यायचा थांबेपर्यंत. चाक पुन्हा बसवलं.

"प्लग धर," ती म्हणाली. कधी 'तू' झालं, तिचं तिलाच कळलं नाही.

तिने दोरी ओढली, ठिणगी पडली आणि विजेचा झटका बसून सीवर्ट ओरडत मागे उडाला.

"लागलं का?"

"जोरात!" तो बोटं झटकत हसत होता. "पुन्हा ओढ!"

"वेडा आहेस का? प्लग बसव आधी."

तिसऱ्या ओढीला निळा धूर निघाला, आणि बाबांच्या मोटरचा ओळखीचा घरघराट तळ्यावर पसरला. आइनोकाका घरातून धावत आले, कान देऊन उभे राहिले आणि मशाल आणायला गेले.

संध्याकाळी सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. ऐली मोटरपाशी बसली. टोकावरची जागा रिकामी होती.

"सीवर्ट, मशाल धरशील?"

तो गोंधळला. "तिथे तर... घरचंच माणूस बसतं ना?"

"हो." ऐलीने दोरी हातात घेतली. या वेळी तिने नजर वळवली नाही. "म्हणूनच विचारतेय."

त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मशाल पुढे केली.